डांगी-खिलार एक, मग गाय-म्हैस वेगळी का? सिद्धगडाच्या डोंगररांगेत नवी प्रजाती अशी घडते

मुरबाड : पौष महिन्यात म्हशाची जत्रा भरली की बैलबाजारात नाना तऱ्हेची जनावरं उभी राहतात. डांगी, खिलार, गावठी. रंग वेगळा, शिंगं वेगळी, अंगकाठी वेगळी. तरी डांगी गाय खिलार वळूकडून फळवली तर वासरू होतं आणि ते वासरू मोठं झालं की त्यालाही पुढे वासरं होतात. पण त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय आणि म्हैस पिढ्यान्‌पिढ्या शेजारीशेजारी बांधलेल्या असतात, एकाच गव्हाणीत खातात, तरी त्यांचं मिश्र वासरू कुणी पाहिलेलं नाही.

जीवशास्त्रात ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात त्याचा सगळा अर्थ या एका फरकात आहे. डांगी आणि खिलार या एकाच प्रजातीच्या दोन जाती. गाय आणि म्हैस या दोन वेगळ्या प्रजाती. रंगरूप किती वेगळं आहे यापेक्षा, दोघांचा वंश एकत्र पुढे चालतो की नाही, हे महत्त्वाचं. ही व्याख्या अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाने 1942 मध्ये नीट मांडली. आजही शाळा-कॉलेजात तीच शिकवली जाते.

मग प्रश्न असा पडतो, की मुळात एक असलेले जीव असे कायमचे वेगळे होतात कसे? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सिद्धगडापासून नाणेघाटापर्यंत आणि पुढे खाली आंबोलीपर्यंत पसरलेला सह्याद्री हे नव्या प्रजाती घडण्याचं मोठं ठिकाण आहे. आणि ज्या कारणाने त्या इथे घडतात, त्याच कारणाने त्या चटकन संपूही शकतात.

अडसर किती प्रकारचे?

दोन प्रजातींचा संकर न होण्यामागे काहीतरी अडसर असतो. काही अडसर मिलनाच्या आधीच उभे राहतात, काही नंतर.

पहिला अडसर वेळेचा. आपल्याकडे घराच्या कुडासाठी जी कारवी वापरतात, ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सगळा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, बी धरतं आणि झुडूप मरून जातं. समजा, काही झुडपं दोन वर्षं मागेपुढे फुलू लागली, तर ती फुलतील तेव्हा बाकीच्या कारवीला नुसती पानं असतील. परागकण द्यायला कुणी नाही, घ्यायलाही कुणी नाही. शेजारी उभं राहूनही दोघांची भेट होणार नाही.

दुसरा अडसर ओळखीचा. मृगाचा पाऊस पडला की भाताच्या खाचरात रात्रभर बेडकांचा कालवा चालतो. आपल्याला तो एकच गोंगाट वाटतो, पण त्यात अनेक प्रकारच्या बेडकांचे नर आपापल्या ढंगात ओरडत असतात. मादी आपल्याच प्रजातीच्या आवाजाच्या दिशेने जाते. दिसायला अगदी सारखे बेडूक वेगळे आहेत हे शास्त्रज्ञांना पुष्कळदा आधी आवाजावरून कळतं आणि मग तपासणीतून पक्कं होतं.

काही जीव आवाजाऐवजी रंगाने ओळख पटवतात. माळावरच्या काही सरड्यांच्या नरांना गळ्याखाली पंख्यासारखी पिशवी असते. विणीच्या काळात दगडावर चढून नर ती फुलवून दाखवतात. काही प्रजातींत हा गळा निळा-काळा-नारिंगी भडक असतो, काहींत पांढरट. 2016 मध्ये या सरड्यांचा देशभर अभ्यास झाला, तेव्हा भडक गळ्याच्या सरड्यांसाठी नवा वंशच वेगळा काढावा लागला. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ‘सरडा’. आपला मराठी शब्दच आता जगभरच्या पुस्तकांत गेला आहे. त्यातली ‘सरडा सुपर्बा’ ही प्रजाती साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची.

तिसरा अडसर मिलनानंतरचा. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं. ते अंगाने दणकट, ओझं वाहायला उत्तम, पण वांझ. घोड्याच्या पेशीत 64 गुणसूत्रं असतात, गाढवाच्या 62. खेचराच्या वाट्याला येतात 63. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात आणि इथे त्या धड जुळत नाहीत. गाय-म्हशीत तर फरक आणखी मोठा आहे. गाईत 60 गुणसूत्रं आणि आपल्याकडच्या म्हशीत 50.

भावकीची वाटणी

हे अडसर कुणी मुद्दाम घातलेले नसतात. बहुतेक वेळा सुरुवात होते ती साध्या वाटणीने.

एका डोंगररांगेवर एकाच प्रजातीचे जीव पसरलेले आहेत असं समजा. मध्ये नदीने दरी कोरली, किंवा हवामान कोरडं होऊन मधलं जंगल गेलं. आता इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. येणं-जाणं थांबलं. शास्त्राच्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण येणं-जाणं चालू असतं तोवर दोन्हीकडचे गुण मिसळत राहतात आणि फार मोठा फरक पडू शकत नाही.

त्यानंतर तीन गोष्टी घडतात. एक, पिढ्या पुढे सरकताना गुणांत बारीकसारीक बदल आपोआप होत राहतात आणि दोन्ही बाजूंचे बदल वेगवेगळे असतात. दोन, एका बाजूला पाऊस जास्त, दुसरीकडे कमी, खडक वेगळा, खाणं वेगळं, शत्रू वेगळे. जे गुण तिथे उपयोगी, ते तिथे टिकतात. यालाच डार्विनने 1859 मध्ये नैसर्गिक निवड म्हटलं. तीन, नशीब. कणगीतून मूठभर बियाणं उचललं तर कणगीतले सगळे वाण त्या मुठीत येतीलच असं नाही. थोडेच जीव वेगळे पडले तर त्यांच्याबाबतीतही तेच होतं.

मग कित्येक हजार, कधी लाखो वर्षांनी दोघे पुन्हा समोरासमोर आले तरी जुळत नाहीत. हे कसं होतं ते एका साध्या उदाहरणातून कळेल. दोन भावांकडे एकाच मापाचे नट-बोल्ट होते. वेगळे झाल्यावर थोरल्याने हळूहळू आपल्या यंत्राचा आटा बदलला, धाकट्याने आपल्या यंत्राचा दुसऱ्याच पद्धतीने बदलला. दोघांचीही यंत्रं आपापल्या घरात उत्तम चालतात. पण थोरल्याचा नट धाकट्याच्या बोल्टवर चढत नाही. चूक कुणाचीच नाही, पण जोडणी कायमची तुटली. प्रजाती वेगळ्या होतात त्या अशा.

पावसाळ्यातला खेकडा काय सांगतो?

मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांत पावसाळ्याच्या सुरुवातीला मुठे पकडायला जाणं नवीन नाही. ज्यांनी मादी खेकडा उलटा करून पाहिला असेल, त्यांना पोटाच्या झाकणाखाली चिकटलेली बारीक बारीक पिल्लं आठवत असतील. प्रजाती घडण्याच्या दृष्टीने ही फार मोठी खूण आहे.

समुद्रातल्या चिंबोरीची अंडी फुटली की अळ्या पाण्यात तरंगत दूरवर जातात. गोड्या पाण्यातल्या डोंगरी खेकड्याचं तसं नाही. त्याच्या अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतो. मग उतरतो तो तिथल्याच ओढ्यात, तिथल्याच कपारीत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच डोंगराला धरून राहणारा हा जीव दरी ओलांडून पलीकडच्या घाटावर सहसा पोचत नाही. म्हणून प्रत्येक घाटाचा खेकडा हळूहळू वेगळा होत गेला.

2014 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी अशा डोंगरी खेकड्यांचा एक नवा वंश जाहीर केला. नाव ठेवलं ‘घाटियाना’, म्हणजे घाटावरचा. पाठोपाठ 2016 मध्ये समीर कुमार पाती, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी एकाच वेळी पाच नव्या प्रजाती प्रसिद्ध केल्या. जांभळे, नारिंगी, पांढरट असे रंगीत खेकडे. गावकऱ्यांनी ते कधीपासून पाहिलेले होते. ते दुसरीकडे कुठेच नाहीत, ही गोष्ट नवी होती.

नाणेघाटाच्या माथ्यावरची पाल

वैशाखरेहून नाणेघाट चढून वर गेलं की जुन्नर तालुक्यातलं घाटघर लागतं. याच परिसरातून वरद गिरी यांनी 2008 मध्ये कातळावर राहणाऱ्या एका मोठ्या पालीची नवी प्रजाती नोंदवली. शास्त्रीय नाव ‘हेमिडॅक्टिलस आरोनबाउएरी’. ठाणे जिल्ह्याच्या वेशीला लागून, हजारो ट्रेकर जिथून दरवर्षी जातात, अशा ठिकाणी ती 2008 पर्यंत विज्ञानाला ठाऊक नव्हती.

नाणेघाटाचा माथा ही पाण्याचीही वाटणी आहे. पश्चिमेकडे पडलेला पाऊस काळू-उल्हासमार्गे अरबी समुद्राला जातो. पूर्वेकडचा कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. एकाच ढगाचं पाणी, दोन समुद्र. ओढ्यातल्या माशाला हा माथा चढून पलीकडे जाता येत नाही.

आणखी दक्षिणेला गेलं तर वाटणीचं अगदी स्वच्छ उदाहरण सापडतं. ‘झँथोफ्रायनी’ या वंशाचे दोनच भेक जगात आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रातले. एक कोयनेच्या परिसरात, दुसरा आंबोलीला. मध्ये सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरचं अंतर. दोघांचा पूर्वज एकच. दोघेही सड्यावरच्या पावसाळी डबक्यांत अंडी घालतात. पण कोयनेचा भेक आंबोलीला नाही आणि आंबोलीचा कोयनेला नाही.

हरणटोळाची गोष्टही तशीच. हिरव्या वेलीसारखा दिसणारा हा साप भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत एकच आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. 2020 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी जनुकं तपासली. तेव्हा सह्याद्रीच्या डोंगरी जंगलांतच चार वेगळ्या प्रजाती निघाल्या, शिवाय सखल भागातला हरणटोळ आणखी वेगळा. उत्तर सह्याद्रीतल्या प्रजातीला ‘अहेतुला बोरेआलिस’ म्हणजे ‘उत्तरेकडचा’ असं नाव मिळालं. डोळ्यांना एक दिसणारे जीव आतून केव्हाच वेगळे झालेले असू शकतात.

वाटणी अर्धवटही असते

प्रत्येक वाटणीतून नवी प्रजाती निघतेच असं नाही. सिद्धगडाचं जंगल ज्यात येतं ते भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये मुख्यतः शेकरूसाठी जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलं आहे. इथला शेकरू तांबूस. दक्षिणेत केरळ-तमिळनाडूच्या बाजूला याच शेकरूच्या पाठीवर काळा रंग ठळक असतो. फरक नजरेत भरतो, तरी शास्त्रज्ञ दोघांना एकाच प्रजातीच्या उपप्रजाती मानतात. वाटणीची बोलणी झाली आहेत, पण सातबारा अजून वेगळा झालेला नाही, असं म्हणता येईल.

भातशेती करणाऱ्यांना असंच दुसरं उदाहरण चटकन पटेल. आपल्याकडचे भाताचे वाण ‘इंडिका’ गटातले, तर जपानचे ‘जॅपोनिका’ गटातले. प्रजाती एकच. पण हजारो वर्षं वेगळ्या मुलखात वाढल्यामुळे त्यांच्या संकरात अनेकदा लोंबी पोचट राहते. 1950 च्या दशकात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत या दोन गटांचा संकर करण्याचं मोठं काम चाललं, तेव्हा पोचटपणा हीच मुख्य अडचण होती. महसुरी, ए.डी.टी. 27 असे मोजकेच वाण त्यातून पुढे टिकले. म्हणजे दार पुरतं बंद झालेलं नाही, पण करकरायला लागलं आहे.

कधी कधी एका झटक्यात

वनस्पतींत हे काम कधी फार लवकर होतं. खपली गव्हात 28 गुणसूत्रं असतात. चपातीच्या नेहमीच्या गव्हात 42. काही हजार वर्षांपूर्वी इराण-कॅस्पियन समुद्राच्या बाजूला 28 गुणसूत्रांच्या गव्हाचा 14 गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला आणि त्या संकरात गुणसूत्रं दुप्पट झाली. जोड्या पुन्हा जुळल्या, दाणा भरला. हा नवा गहू आपल्या दोन्ही पूर्वजांशी मात्र सहज जुळेना. लाखो वर्षं थांबावं लागलं नाही.

प्राण्यांत अशी घाई क्वचितच दिसते. दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी या छोट्या बेटावर 1981 मध्ये शंभर किलोमीटरहून लांबच्या बेटावरचा एक नर पक्षी आला. त्याने तिथल्या मादीशी जोडी केली. त्याच्या वंशजांचं गाणं वेगळं, चोच वेगळी. स्थानिक पक्षी त्यांना जोडीदार म्हणून घेईनात, म्हणून ते आपसातच जोड्या करू लागले. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने पिढ्यामागून पिढ्या या पक्ष्यांचा माग ठेवला. 2017 मध्ये जनुकांच्या तपासणीनेही त्यांचा वेगळा वंश पक्का केला.

मग तुकडे पडले तर चांगलंच नाही का?

इथे एक गैरसमज होऊ शकतो. वेगळं पडल्याने नव्या प्रजाती होतात, तर मग रस्त्याने, खाणीने जंगलाचे तुकडे पडले तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते वेळेमुळे आणि संख्येमुळे. सह्याद्रीने वाटणी केली ती लाखो वर्षांत आणि प्रत्येक वाटेकऱ्याला जगण्याइतकी जमीन देऊन. मोठा रस्ता, दगडाची खाण किंवा साफ झालेली डोंगरउतरण ही वाटणी एका-दोन वर्षांत करते आणि एका बाजूला कधी दहा-वीसच जीव उरतात. इतक्या थोड्यांत नात्यातल्या नात्यात जोड्या होतात, रोग पसरला तर सगळे एकदम जातात. नवी प्रजाती घडायला हजारो पिढ्या लागतात. अशा तुकड्यातले जीव दहा पिढ्याही काढत नाहीत. शेकरू तर शक्यतो जमिनीवर उतरत नाही. झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तरच त्याची वाट चालू.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एका डोंगरावरचा बिबट्या गेला तर शेजारच्या डोंगरावरून दुसरा येतो. पण जो खेकडा एकाच घाटाच्या कपारीत आहे, जी पाल एकाच कड्याला धरून आहे, तिच्या जागी यायला दुसरं कुणी नाही. तिथे एक डोंगर गेला की प्रजाती जगातून गेली. आंबोलीचा भेक आज जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, कारण त्याचं सगळं जग तेवढंच.

पश्चिम घाटाला 2012 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही ठिकाणं त्यात आली. ठाणे जिल्ह्यातले डोंगर त्या यादीत नाहीत. सिद्धगडाला भीमाशंकर अभयारण्याचं संरक्षण आहे. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेरही डोंगर आहेत, ओढे आहेत आणि तिथे राखण करणारी गावंच आहेत.

गावाच्या हातात काय?

फाल्गुन-चैत्रात डोंगराला लागणारा वणवा ही पहिली गोष्ट. पावसाळ्यात कपारीतून बाहेर पडणारे जीव उन्हाळ्यात दगडांखाली, पालापाचोळ्यात, मातीच्या ओलीत दम धरून असतात. गवताचा फड पेटला की वरून फक्त गवत जळताना दिसतं, खाली काय जळतं ते दिसत नाही. जाळरेषा वेळेवर काढणं आणि वणवा दिसताच विझवायला माणसं गोळा करणं, हे गाव करू शकतं.

दुसरी गोष्ट मुठ्यांची. अभयारण्यात कुठलाही जीव पकडायला बंदीच आहे. बाहेरच्या ओढ्यांतही पोटाशी अंडी किंवा पिल्लं असलेली मादी परत सोडली तर त्या ओढ्याचा वंश पुढे चालतो. दुसऱ्या घाटाचा खेकडा आणून सोडला तर ती जागा भरून निघेलच असं नाही, कारण तो कदाचित वेगळ्याच प्रजातीचा असतो.

तिसरी गोष्ट कागदावरची, पण मोलाची. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवहीत नुसतं ‘खेकडा’, ‘पाल’, ‘बेडूक’ असं लिहून भागत नाही. कुठल्या ओढ्यात, कुठल्या कड्यावर, कोणत्या महिन्यात, कसल्या रंगाचा आणि वाडीवरची माणसं त्याला काय म्हणतात, हे लिहिलं गेलं पाहिजे. ठाकर आणि कातकरी समाजातल्या जाणत्यांकडे ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुठला मुठा कुठल्या बिळात आणि कुठला फक्त वरच्या कातळात, हे त्यांना विचारून लिहावं लागेल.

डोंगरावर खाणीचा, रस्त्याचा प्रस्ताव येतो तेव्हा तिथे विशेष काय आहे, असा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. त्या वेळी ग्रामसभेच्या हातात ही भरलेली नोंदवही असली, तर त्या प्रश्नाला उत्तर देता येतं.